पानादेरियात जाताना: ट्रे उचलण्याआधीपासून उरलेल्या पावापर्यंत

सॅन होजे, ह्यूस्टन, डॅलस, शिकागो. मराठी मंडळं जिथे जोरात आहेत, त्या शहरांत मेक्सिकन वस्तीही मोठी आहे, आणि वस्ती आहे तिथे पानादेरिया, म्हणजे मेक्सिकन बेकरी, असतेच. आपली माणसं तिथे जातात आणि बहुतेक सगळे त्याच त्या चुका करतात. शनिवारी दुपारी उशिरा जायचं, रंग बघून डझनभर पाव उचलायचे, घरी आल्यावर हवाबंद डब्यात कोंबायचे, दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर फिरवायचे आणि मग "दिसायला छान, पण कोरडं असतं हो" असा निकाल द्यायचा. शाकाहारी घरांत दोन टोकं दिसतात. काही जण काहीच न विचारता खातात, काही जण डुकराच्या चरबीच्या धास्तीने दारातूनच परत फिरतात.

पानादेरियाचा सगळा कारभार भट्टीच्या वेळेवर चालतो. जे आत्ता बाहेर आलं ते घ्यायचं, आज खाल तेवढंच घ्यायचं. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका.

१. वेळ आधी ठरवा

गोड पावांचा, म्हणजे 'पान दुल्से'चा, मोठा घाणा पहाटे निघतो. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान गेलात तर मांडण्या भरलेल्या दिसतील. बोलियो हा रोजचा बिनगोडाचा पाव मात्र बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा भाजतात, एकदा सकाळी आणि एकदा दुपारनंतर. मेक्सिकोत संध्याकाळी कॉफी-चॉकलेटबरोबर गोड पाव खायची सवय आहे, त्यामुळे काही दुकानं चार-पाचच्या सुमारास कोंचाही, म्हणजे वर साखरेचा थर असलेला गोल पावही, पुन्हा काढतात. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे दुपारी एक ते तीन. सकाळचा माल सुकू लागलेला असतो आणि संध्याकाळचा अजून आत असतो.

प्रत्येक दुकानाचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा पहिल्याच भेटीत काउंटरवर विचारून घ्या: "आ के ओरा साले एल बोलियो?" बोलियो किती वाजता निघतो, एवढाच प्रश्न. उत्तर फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक फेरीला ते उपयोगी पडेल.

रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर रांग लागते. गर्दीचा कंटाळा असेल तर मधल्या वारी जा. पण माझं मत विचाराल तर रविवारची गर्दीच बरी, कारण ट्रे रिकामे होत राहतात आणि आतून नवे येत राहतात.

जाताना सोबत सुटे पैसे ठेवा. छोट्या दुकानांत कधी फक्त रोकड चालते, कधी कार्डासाठी किमान रकमेची अट असते.

> तपासा: वेळ विचारून ठेवली? सुटे पैसे घेतले? आज घरात खाणारी माणसं किती, ते मोजलं?

२. शाकाहारी असाल तर प्रश्न आधी, ट्रे नंतर

"हे व्हेजिटेरियन आहे का?" असं विचारू नका. समोरची बाई पावाकडे बघते, त्यात मांस नाही, म्हणून ती प्रामाणिकपणे "हो" म्हणते. पिठात डुकराची चरबी आहे की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नसतो.

विचारायचं ते असं: "एस्तो येवा मांतेका दे पुएर्को?" यात डुकराची चरबी आहे का? स्पॅनिश जमत नसेल तर 'लार्ड' हा शब्द पुरतो, काउंटरवर तो सगळ्यांना कळतो. उत्तर ऐकताना तीन शब्दांकडे लक्ष द्या. नुसतं 'मांतेका' म्हणाले तर ती चरबीच समजा. 'मांतेका वेहेताल' म्हणजे वनस्पती तूप. 'मांतेकिया' म्हणजे लोणी. पहिला आणि तिसरा शब्द कानाला सारखेच लागतात, आणि लोणी समजून चरबी खाल्लेली माणसं बरीच असतील. शंका असेल तर पुन्हा विचारा, कोणी रागावत नाही.

अंड्यासाठी प्रश्न आणखी सोपा आहे: "येवा वेवो?"

साधारण अंदाज असा (एकेका पदार्थाची ओळख चौथ्या टप्प्यात आहे):

- बोलियो आणि तेलेरा या बिनगोडाच्या पावांत अंडं बहुधा नसतं. चरबी असली तर थोडी असते, अनेक दुकानांत मुळीच नसते. विचारून खात्री करा.
- कोंचाच्या पिठात अंडं असतंच असं धरून चाला. वरच्या साखरेच्या थरातही स्निग्ध पदार्थ असतो, बहुधा वनस्पती तूप.
- पोल्वोरॉन, एम्पानादा आणि डुकराच्या आकाराचं पुएरकीतो यांत पारंपरिक पद्धतीने चरबीच घालतात. इथे न विचारता हात लावू नका.
- ओरेहा आणि काम्पेचाना पापुद्र्यांचे असतात. त्यात लोणी, मार्जरिन, वनस्पती तूप किंवा चरबी यांपैकी काहीही असू शकतं.
- फ्रीजमध्ये दिसणाऱ्या रंगीत जेली ग्रेनेतीनाच्या, म्हणजे प्राणिजन्य जिलेटिनच्या असतात. त्या सोडा.
- शनिवार-रविवारी काउंटरवर तामाल, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून उकडलेले पदार्थ, मिळतात. आत चीज-मिरची असली तरी बाहेरच्या मक्याच्या पिठात बहुतेक वेळा चरबी मळलेली असते.

पिशवीत बंद करून ठेवलेल्या मालावर घटकांची चिठ्ठी असते, ती वाचा. उघड्या मांडणीतल्या पावावर चिठ्ठी नसते, तिथे विचारण्याशिवाय मार्ग नाही.

> सावधान: एका दुकानातलं उत्तर दुसऱ्या दुकानाला लागू करू नका. एकच पदार्थ एक जण चरबीत करतो, शेजारचा वनस्पती तुपात. शिवाय ट्रे, चिमटे आणि भट्टी सगळ्यांना एकच असते. ते चालतं की नाही, हे तुमचं तुम्ही आधीच ठरवा.

३. रिकाम्या हाताने एक फेरी

आत शिरताना "बुएनोस दियास" म्हणा, दुपारनंतर "बुएनास तार्देस". मेक्सिकन दुकानात आल्याबरोबर नमस्कार करण्याची रीत आहे, आणि पुढे प्रश्न विचारायचे असतील तर ती पाळलेली बरी.

दाराजवळ गोल ट्रेची चळत आणि चिमटे असतील. ट्रे म्हणजे चारोला, चिमटे म्हणजे पिन्सास. ते लगेच उचलू नका. ट्रे हातात आला की पहिल्याच कपाटातून चार नग उचलले जातात, आणि शेवटच्या कपाटाशी पोचल्यावर कळतं की गरम माल इथे होता.

फेरी मारताना एवढंच बघा: कोणत्या कप्प्याची काच आतून धुरकटली आहे, चाकांचा उंच रॅक कुठे उभा आहे, आतून येणारा माणूस ट्रे कुठे रिकामा करतो आहे. त्या जागा लक्षात ठेवा. दिसत नसेल तर "के एस्ता कालिएन्तीतो?" विचारा, काय गरम आहे?

मग ट्रे घ्या. वर कागद घालायची सोय असेल तर घाला.

४. निवड

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून एकेक पदार्थ घेऊ.

*कोंचा.* वर शिंपल्यासारखा साखरेचा थर असलेला गोल मऊ पाव. पांढरा थर व्हॅनिलाचा आणि तपकिरी चॉकलेटचा असतो. गुलाबी आणि पिवळा हे बहुतेक दुकानांत नुसते रंग असतात, चव पांढऱ्याचीच. म्हणून मुलांनी हट्ट केला तर गुलाबी घ्या, पण स्वतःसाठी निवडताना ताजेपणा बघा. ताज्या कोंचावरचा थर कोरडा, मॅट आणि स्वच्छ भेगांचा असतो. तो ओलसर, चिकट दिसला तर पाव गरम असताना झाकून ठेवला होता. थर सुटून ट्रेवर चुरा पडला असेल तर तो नग जुना आहे किंवा बराच हाताळलेला. पाव भाजताना एकमेकांना चिकटले असतील तर बाजूला फिकट, मऊ कड दिसते, असा नग आधी उचला.

*बोलियो.* दोन टोकं निमुळती, मध्ये एक चीर. आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. चिमट्याने उचलताना कवच किंचित कुरकुरलं तर उत्तम. मऊ पडलेला, सुरकुतलेला बोलियो सोडून द्या. मेक्सिकोत कोणी दचकलं, घाबरलं की त्याला बोलियोचा तुकडा खायला देतात. अमेरिकेतलं पहिलं हायवे ड्रायव्हिंग करून आलेल्यांनी हा उपाय करून बघायला हरकत नाही.

*तेलेरा.* बोलियोपेक्षा चपटा आणि मऊ, वर दोन खाचा. सँडविचसारखा तोर्ता याच पावात भरतात. वडापावासाठी अमेरिकन बनपेक्षा हा कितीतरी सरस, फक्त आकार मोठा, म्हणून अर्धा करून वापरा.

*ओरेहा.* दोन्हीकडून गुंडाळलेल्या पापुद्र्यांचा, कानाच्या आकाराचा. गडद सोनेरी रंगाचा निवडा. फिकट ओरेहा आत कच्चट लागतो आणि साखर नीट खरपूस झालेली नसते.

*पोल्वोरॉन.* नानकटाईचा चुलतभाऊ. हा दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे ताज्या मालाच्या हट्टातून याला सूट.

*पुएरकीतो.* आकार डुकराचा, म्हणून आपल्याकडचे नुसत्या नावानेच दचकतात. आत पिलोंसियो म्हणजे उसाचा शंकूच्या आकाराचा गूळ आणि दालचिनी असते. मांस अजिबात नसतं. स्निग्ध पदार्थाचा प्रश्न मात्र विचाराच. दाबल्यावर किंचित परत फुगेल असा मऊ असावा. खडखडीत असेल तर तो कालचा.

*एम्पानादा.* आत भोपळा, अननस, रताळं किंवा काहेता म्हणजे दुधाचं घट्ट कॅरमेल. कडेने सारण थोडं बाहेर येऊन काळसर झालं असेल तर घाबरू नका, ते चांगलंच लागतं.

> सावधान: काही दुकानांत मांसाच्या किंवा ट्यूना माशाच्या एम्पानादा गोड एम्पानादांच्या शेजारीच ठेवलेल्या असतात. बाहेरून फरक कळत नाही. सारण विचारल्याशिवाय ट्रेमध्ये घेऊ नका.

*काम्पेचाना.* काचेसारखी साखर चढवलेली पापुद्र्यांची पट्टी. गाडीत खाऊ नका, सीटच्या फटीतून पुढचा महिनाभर चुरा निघत राहील.

किती घ्यायचं? माणशी दोन, त्यातला एक मऊ आणि एक कुरकुरीत. पाहुणे असतील तर वेगवेगळे आठ-दहा नग घेऊन कापून मधे ठेवा. एकाच प्रकारचा डझन घेणं म्हणजे सहा नग उद्यासाठी वाळवत ठेवणं.

५. चिमटा, ट्रे, काउंटर

हाताने काहीही उचलू नका आणि दाबून बघू नका. चिमट्याने कोंचा वरून पकडला की साखरेचा थर तुटतो. तो खालून, बुडाच्या कडेने उचला. एकदा ट्रेमध्ये घेतलेला नग परत कपाटात ठेवायचा नसतो. कपाटाचं दार लावून पुढे सरका.

ट्रे भरताना पोल्वोरॉन, पुएरकीतो अशा घट्ट वस्तू एका बाजूला, कोंचा दुसऱ्या बाजूला, एकमेकांवर काही नाही. क्रीम भरलेलं किंवा त्रेस लेचेस, म्हणजे तीन प्रकारच्या दुधात भिजवलेल्या केकचा तुकडा घेत असाल तर "काखा, पोर फावोर" म्हणून खोकं मागा.

बोलियो सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कागदी पिशवीत. हा क्रम फार जण चुकवतात. गरम बोलियो गोड पावांबरोबर एकाच पिशवीत गेला की त्याच्या वाफेने कोंचाची साखर विरघळते, आणि वाफ कोंडल्यामुळे बोलियोचं कवचही मऊ पडतं. एका पिशवीने दोन्ही वस्तूंची वाट लागते.

काउंटरवर ट्रे ठेवा, नग मोजून पिशवीत भरण्याचं काम त्यांचं. साधे पाव बहुधा नगावर एकाच दराचे असतात, केक आणि भरलेले पदार्थ वेगळे. वापरलेला ट्रे आणि चिमटा ताज्या चळतीत ठेवू नका, त्यांना वेगळी जागा असते.

६. घरी आल्यावर पहिला तास

पिशवीचं तोंड उघडा. पाव कोमट असेपर्यंत प्लॅस्टिकमध्ये किंवा डब्यात बंद करायचं नाही. पूर्ण गार झाल्यावर कागदी पिशवीची घडी घालून ठेवा.

त्रेस लेचेस, क्रीम, कस्टर्ड असलेलं काहीही लगेच फ्रीजमध्ये. असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि बाहेरचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात गाडीत पिशवी ठेवून आधी किराणा आणायला जाण्याचा बेत रद्द करा.

साधे पाव मात्र फ्रीजमध्ये अजिबात नाही. फ्रीजच्या थंडीत पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि बाहेर ठेवल्यापेक्षा पाव लवकर शिळा लागतो.

> तपासा: क्रीमचं फ्रीजमध्ये? कोंचा बाहेर? बोलियो वेगळा?

७. खाणं

कोंचा सुरीने कापण्यापेक्षा हाताने तोडा आणि चॉकलेटात किंवा कॉफीत बुडवून खा. मेक्सिकोत यात कोणाला संकोच नाही. बुडवताना पावाची खालची बाजू पेयात जाऊ द्या, साखरेची बाजू वर. उलटं केलंत की थर कपात सुटतो आणि शेवटचे दोन घोट नुसता गाळ.

काफे दे ओया म्हणजे दालचिनी आणि पिलोंसियो घालून उकळलेली काळी कॉफी. ती आधीच गोड असते, म्हणून तिच्याबरोबर बोलियो किंवा ओरेहा बरा. चाम्पुर्रादो हे मक्याचं पीठ लावून दाट केलेलं गरम चॉकलेट. ते पोटभरीचं असतं, त्याबरोबर दोन कोंचा खायचा विचार करू नका. आपल्या चहाचं म्हणाल तर आल्याचा कडक चहा आणि पुएरकीतो छान जमतात. व्हॅनिला कोंचा त्याच चहात बुडवला तर पावाची चव पुरती हरवते.

कोंचा आडवा कापून आत साय भरून खाण्याचीही रीत आहे. त्यांच्याकडे तिला नाता म्हणतात, आपल्याकडची घट्ट साय चालेल. व्हेराक्रूझ भागात तर कोंचात वाटून परतलेला फ्रिहोलेस, म्हणजे त्यांचा राजमा, भरतात. गोड-खारट एकत्र आवडणाऱ्यांनी करून बघा.

८. उरलंच तर

कोंचा उरणार हे दिसत असेल तर त्याच दिवशी एकेक नग वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. उद्यापर्यंत वाट बघून मग गोठवलात तर शिळा पावच गोठवला. खायच्या आधी बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, मग १५० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं. मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर दहा ते पंधरा सेकंद आणि लगेच तोंडात. त्याहून जास्त वेळ दिला तर पाव आधी रबर होतो, मग दगड.

बोलियोवर पाण्याचा हात फिरवा आणि १७५ अंशाला पाच मिनिटं ठेवा. कवच पुन्हा कुरकुरीत होतं, पण एकदाच. दुसऱ्यांदा हा प्रयोग जमत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बोलियोचा खरा उपयोग मोयेतेस:

१. बोलियो आडवा कापून आतला मऊ गर थोडा काढा, म्हणजे सारण बसायला जागा होते.
२. कापलेली बाजू तव्यावर जरा शेका. हे टाळलं तर पाव सारणाने भिजून लिबलिबीत होतो.
३. वाटलेल्या फ्रिहोलेसचा थर द्या. डब्यातला घेत असाल तर चिठ्ठी वाचा, त्यातही चरबी असू शकते. घरचा राजमा लसूण घालून परतून घोटला तरी काम होतं.
४. वर चीज घालून ओव्हनच्या वरच्या आचेखाली, वितळेपर्यंत.
५. बाहेर काढल्यावर बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. ही कोशिंबीर आधी घालून भाजू नका, पाणी सुटतं.

काढलेला गर आणि अगदीच वाळलेले तुकडे मिक्सरमधून फिरवून ठेवा, कटलेटला लावायला येतात.

९. सणाचे पाव: आधी नोंदवा

दोन पाव आयत्या वेळी मिळत नाहीत. पान दे मुएर्तो २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसासाठी असतो. वर हाडांसारख्या पट्ट्या, आत संत्र्याचा किंवा बडीशेपेसारखा वास. ऑक्टोबरभर बहुतेक दुकानांत दिसतो, पण १ आणि २ नोव्हेंबरला दुपारनंतर मांडणी रिकामी असते.

रोस्का दे रेयेस हा ६ जानेवारीचा मोठ्या लंबगोल कड्याच्या आकाराचा पाव. आदल्या संध्याकाळी दुकानाबाहेर रांग असते, म्हणून नाताळच्या सुट्टीतच आकार सांगून नोंदवून ठेवा. आत बाळाच्या छोट्या प्लॅस्टिकच्या मूर्ती लपवलेल्या असतात. मोठ्या कड्यात एकापेक्षा जास्त असतात. लहान मुलं असतील तर त्यांचा तुकडा देण्याआधी स्वतः चाचपून बघा. आणि ऑफिसात मेक्सिकन सहकाऱ्यांनी रोस्का कापला व मूर्ती तुमच्या तुकड्यात निघाली, तर २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालण्याची जबाबदारी तुमची. त्या दिवशी तामालांचीही झुंबड असते, तेव्हा जानेवारीतच त्याच पानादेरियात नोंदवा, आणि त्यातले किती बिनचरबीचे हवेत ते तेव्हाच सांगा.